‘करून राहिली’ आणि इंग्रजीतला वर्तमानकाळ

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



चिटणीसबाईंनी फळ्यावर माझा विषय ‘इंग्रजी व्याकरण’ असा लिहून टाकला, तेव्हा मला तुमची दया आली. गाणी झाली, हळदीकुंकू व्हायचे आहे, आणि मध्येच हा कडू काढा. परंतु गेले दीड वर्ष दर बुधवारी दुपारी आम्ही पंधरा-वीस जणी मंडळाच्या खोलीत इंग्रजी बोलावयास शिकत आहोत, आणि त्या वर्गात एक गोष्ट हाताला लागली आहे. ती वर्गाबाहेरच्या भगिनींच्याही कानावर घालावी असे वाटते, कारण ती जितकी इंग्रजीची आहे तितकीच आपल्या रामटेकच्या बोलीची आहे. सगळे व्याकरण मी सांगत बसत नाही. फक्त वर्तमानकाळ सांगते, आणि तोही आपल्याला घरादारात लागतो तेवढाच.

वर्गात कोण येते ते आधी सांगते. बहुतेकींच्या वेळी शाळेत इंग्रजी सुरू होई ती पाचवीला. २००० सालच्या जूनपासून महाराष्ट्रात ती पहिलीपासूनच आली, आणि घराघरांत एक चमत्कारिक देखावा दिसू लागला. सहा वर्षांचे पोर आईपुढे वही धरते आणि आई म्हणते, ‘बाबांना विचार.’ बाबा घरी येतात रात्री नऊला. पालकसभेला हीच आई मागच्या रांगेत जागा धरते आणि कोणी काही विचारले तर नुसती मान हलवते. कोणाची सून बंगलोरची आहे, कोणाचे नातवंड परदेशात वाढते आहे आणि फोनवर बोलते ते फक्त इंग्रजी. आजीला नातवाशी बोलता येऊ नये, याहून इंग्रजी शिकण्याचे मोठे कारण मला तरी ठाऊक नाही.

आमच्या वर्गातल्या एक आजी इंग्रजीची वही पिशवीत मेथीच्या जुडीखाली घालून आणतात. रमाबाई रानड्यांचे लग्न १८७३ साली झाले तेव्हा त्यांना लिहितावाचता येत नव्हते. माधवरावांनी त्यांना आधी मराठी आणि मग इंग्रजी शिकविले. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना ते खपत नसे. १९१० साली निघालेल्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या पुस्तकात तो जाच रमाबाईंनी लिहून ठेवला आहे. त्यांना धाक होता घरच्या वडीलधाऱ्यांचा. आमच्या आजींना धाक आहे तो आठ वर्षांच्या नातवाचा. तो हसतो.

आता मूळ मुद्द्यावर येते.

आपल्या वडिलांच्या पिढीने इंग्रजी शिकली ती तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर. मराठी वाक्य घ्यावयाचे, त्याचे इंग्रजी करावयाचे. इंग्रजी घ्यावयाचे, त्याचे मराठी करावयाचे. हल्लीचे पुष्कळ शिक्षक या पद्धतीला नाक मुरडतात. मी मुरडत नाही. चाळिशी उलटलेल्या बाईच्या मनात आधी आपलीच भाषा उमटते, ती पुसून टाक असे तिला सांगणे व्यर्थ आहे. प्रश्न एवढाच की भाषांतर कोणत्या मराठीवरून करावयाचे? पुस्तकातल्या की घरातल्या?

या प्रश्नाला किती वजन आहे ते आपल्या मंडळाच्या एका भगिनीमुळे मला कळले. त्यांनी गोष्ट सांगण्यास परवानगी दिली आहे, नाव सांगण्यास दिलेली नाही. त्या मुलीकडे अमेरिकेत गेल्या होत्या. नातू सहा महिन्यांचा. मुलगी कामावर, जावई गावाला. बाळाने सकाळपासून बाटलीला तोंड लावले नव्हते. मुलीचा फोन लागेना, तेव्हा बाईंनी धीर करून डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन लावला. तिकडे परिचारिका. बाईंच्या मनात आपल्या बोलीतले वाक्य होते, ‘बाळ दूध पिऊन नाही राहिलं.’ पण लहानपणापासून शाळेत ऐकलेले की ‘पिऊन राहिलं’ हे अशुद्ध, गावंढळ. म्हणून त्यांनी मनातल्या मनात ते शुद्ध करून घेतले, ‘बाळ दूध पीत नाही.’ आणि त्याचे शब्दाला शब्द इंग्रजी केले, ‘बेबी डझ नॉट ड्रिंक मिल्क.’

परिचारिकेने शांतपणे विचारले, मग बाळ काय पिते? दुधाने त्याला काही बाधते का? बाईंनी तेच वाक्य पुन्हा मोठ्याने म्हटले. तिने पुन्हा तसलेच काही विचारले. अशी चार-पाच मिनिटे गेली, आणि शेवटी बाई रडकुंडीला येऊन ओरडल्या, ‘यस्टरडे ड्रिंक! नाऊ नो! नाऊ नो!’ त्याबरोबर पलीकडचा आवाज बदलला आणि बाळाला लगेच घेऊन या असे सांगितले गेले. बाळाला ताप चढत होता. दोन दिवसांत ते बरे झाले, म्हणून आज आपण ही गोष्ट हसत ऐकू शकतो.

आता यात घडले काय? ‘डझ नॉट ड्रिंक’ म्हणजे पीत नसते, पिण्याची सवयच नाही. जसे आपण म्हणतो, आमचे हे चहा पीत नाहीत. ‘इज नॉट ड्रिंकिंग’ म्हणजे आत्ता, या वेळी पीत नाही, एरवी पिते. पहिले वाक्य ऐकून परिचारिका स्वस्थ राहिली यात तिचा काही दोष नव्हता. पुस्तकी मराठीत ‘पीत नाही’ या एकाच वाक्यात दोन्ही अर्थ बसतात. कोणता घ्यावयाचा ते प्रसंगावरून कळते. पुण्यामुंबईकडे बोलताना ‘पीत नाहीये’ असे म्हणून भेद दाखवितात हे खरे, पण ते शाळेच्या वहीत लिहिले तर तिथेही तांबडी रेघ ओढली जाते. आपल्या बाईंच्या मनात जे वाक्य पहिल्यांदा आले होते ते मात्र अचूक होते. ‘पिऊन नाही राहिलं.’ ‘इज नॉट ड्रिंकिंग.’ अगदी ‘नाही’सुद्धा मध्ये, आणि ‘नॉट’सुद्धा मध्ये! तेवढे एक वाक्य त्यांनी शुद्ध केले नसते, तर त्यांना इंग्रजी येत होते.

भगिनींनो, या ‘करून राहिली’वरून आपण किती बोलणी खाल्ली आहेत! लग्न होऊन पश्चिमेकडे गेलेली मुलगी पहिल्याच आठवड्यात ‘मी भाजी चिरून राहिली’ म्हणते आणि चार तोंडे विचारतात, ‘राहिली म्हणजे? कुणाकडे राहिलीस?’ विनोद जुना झाला, तरी करणारे दमत नाहीत. ही लकब हिंदीच्या शेजाराने आली असे म्हणतात, आणि ते खरेच असावे. ‘कर रही है’ आणि ‘करून राहिली’ यांचा तोंडवळा बहिणीबहिणींसारखा आहे. १८६१ मध्ये मध्यप्रांत झाला तेव्हापासून १९५६ पर्यंत नागपूर ही अशा मुलखाची राजधानी होती की जिथे मराठी आणि हिंदी एकाच कचेरीत बसत होत्या. आपल्या रामटेक तालुक्याची सीमा तर आजही पलीकडच्या शिवनी जिल्ह्याला भिडलेली आहे. शेजारणीकडून वाटीभर साखर आणली तर त्यात लाज कसली? ग्रियर्सनसाहेबांच्या भाषासर्वेक्षणाचा सातवा खंड १९०५ साली निघाला, तो सगळा मराठीचा आहे आणि त्यात वऱ्हाडी-नागपुरीला स्वतंत्र स्थान दिलेले आहे. जिची विद्वानांनी अशी नोंद घेतली, ती बोली बोलताना आपण मात्र पदराआड तोंड लपवतो.

आणखी एक गंमत सांगते. शेक्सपिअरचे ‘हॅम्लेट’ नाटक साधारण १६०० च्या सुमाराचे. आगरकरांनी १८८३ साली ‘विकारविलसित’ या नावाने ते मराठीत आणले. त्यात राजपुत्र हातातले पुस्तक वाचत असतो आणि म्हातारा प्रधान त्याला विचारतो, काय वाचता म्हणून. मूळ इंग्रजीत हा प्रश्न साध्या वर्तमानकाळात आहे, ‘इंग’ न लावता! आज कोणी असे विचारले तर इंग्रज माणसाला वाटेल की हा आपल्या वाचनाच्या आवडीची चौकशी करतो आहे. म्हणजे चारशे वर्षांपूर्वी इंग्रजीतही ‘इंग’ लावलेच पाहिजे असा दंडक नव्हता. तो पुढे बसला. फ्रेंच आणि जर्मन लोक साध्या क्रियापदानेच दोन्ही कामे भागवितात, आणि इंग्रजी शिकताना त्यांनाही नेमके याच ठिकाणी ठेच लागते. रामटेकच्या बाईला लागावयाची गरज नाही. तिच्या बोलीने हा भेद आधीच करून ठेवला आहे.

म्हणून आम्ही वर्गात एक कसोटी ठेवली आहे. इंग्रजी वाक्य तोंडातून काढण्याआधी तेच वाक्य घरच्या बोलीत, जसे येईल तसे, मनात म्हणावयाचे. त्यात ‘राहिली, राहिला, राहिलं’ आले तर इंग्रजीत ‘इंग’. नाही आले तर साधे क्रियापद. ‘मी सकाळी सहाला उठते.’ राहिली आले नाही. ‘आय गेट अप ॲट सिक्स.’ ‘काय करून राहिली बाई?’ ‘पोळ्या लाटून राहिली.’ राहिली आले. ‘आय ॲम रोलिंग चपातीज.’

गडाचे उदाहरण घ्या, म्हणजे ही कसोटी कायमची लक्षात राहील. तुमच्याकडे बाहेरगावचे पाहुणे आले आहेत आणि तुम्ही त्यांना गडमंदिराच्या पायऱ्यांवरून नेत आहात. तुम्ही म्हणालात, ‘मंकीज पुल बॅग्ज,’ म्हणजे इथली वानरे पिशव्या ओढतात, जपा. ही झाली माहिती. पाहुणे हसतील आणि पिशवी जरा जवळ धरतील. पण वानराने पिशवीला हात घातलाच, तर त्या वेळी ‘मंकीज पुल बॅग्ज’ म्हणून काय उपयोग? तेव्हा आपण काय ओरडतो? ‘अवो, पिशवी ओढून राहिलं!’ मग इंग्रजीतही तेच ओरडा, ‘इट इज पुलिंग युवर बॅग!’ साधा काळ म्हणजे वानराचा स्वभाव आणि ‘इंग’ म्हणजे आत्ता पिशवीला लागलेला त्याचा हात. पुस्तकात याला साधा आणि अपूर्ण वर्तमानकाळ म्हणतात. नावे विसरलात तरी हरकत नाही, वानर विसरू नका.

आता या कसोटीत चार ठिकाणी खड्डे आहेत, ते मी झाकून ठेवणार नाही.

पहिला खड्डा आपल्याच बोलीने खणलेला आहे. हिंदीत ‘कर रही है’ यात ‘है’ असते. आपण ‘करून राहिली’ म्हणतो आणि ‘आहे’ गिळून टाकतो. त्यामुळे आमच्या वर्गात ‘शी कुकिंग’, ‘आय गोइंग’ अशी लंगडी वाक्ये फार ऐकू येतात. इंग्रजीत ते ‘आहे’ द्यावेच लागते, ॲम, इज, आर यांतले एक. तुम्ही मनात ‘करून राहिली आहे’ असे पुरे वाक्य म्हणा, म्हणजे तो ‘आहे’ आपोआप ‘ॲम’ किंवा ‘इज’ होऊन येईल.

दुसरा खड्डा पुस्तकी मराठीचा. ‘मी दर सोमवारी गडावर जात असते.’ याला शाळेत रीती वर्तमानकाळ म्हणत, आठवते का? या ‘असते’मुळे भल्याभल्या बायका फसतात आणि ‘आय ॲम गोइंग एव्हरी मंडे’ म्हणतात. घरच्या कसोटीला लावून पाहा. दर सोमवारी ‘जाऊन राहिली’ असे आपण कधी म्हणतो का? नाही, ‘जाते’ म्हणतो. म्हणून ‘आय गो एव्हरी मंडे.’ इथेही घरची बोली पुस्तकापेक्षा शहाणी निघाली. मोटारीच्या वेळापत्रकाचेही तसेच. मोटार सातला सुटते. ती उद्याची असली तरी ‘द बस लीव्ह्ज ॲट सेव्हन.’

तिसरा खड्डा मात्र खोल आहे आणि तिथे आपली कसोटी खरोखरच चालत नाही. आपण म्हणतो, ‘मले काही दिसून नाही राहिलं’, ‘मले आता समजून राहिलं’, ‘मले हे लुगडं आवडून राहिलं’. इंग्रजीत पाहणे-ऐकणे, समजणे, आवडणे, हवे असणे, माहीत असणे, या मनाच्या आणि इंद्रियांच्या क्रियापदांना सहसा ‘इंग’ सोसत नाही. ‘आय अंडरस्टँड’, ‘आय लाइक इट’, ‘आय नो’. भारतातले लोक ‘आय ॲम नोइंग’, ‘आय ॲम अंडरस्टँडिंग’ म्हणतात यावर मुंबईचे इंग्रजी कवी निसिम इझिकेल (१९२४–२००४) यांनी चांगली थट्टेची कविता केली आहे. ‘गुडबाय पार्टी फॉर मिस पुष्पा टी. एस.’ हे तिचे नाव, आणि तीत ‘इंग’चा नुसता पाऊस पडतो. इझिकेल हे कोकणातून मुंबईत आलेल्या बेने इस्रायल समाजातले. त्या समाजाची घरची भाषा पिढ्यान्‌पिढ्या मराठी, तेव्हा ही खोड त्यांनी जवळून ऐकलेली असणार असे आपले मला वाटते. असो. मी वर्गात एवढेच सांगते की जे काम हातापायांनी किंवा तोंडाने करता येते त्याला ‘इंग’ लावा. जे नुसते मनात होते त्याला लावू नका. यालाही अपवाद आहेत, पण ते दुसऱ्या वर्षी.

चौथा खड्डा ‘पासून’चा. ‘मी वीस वर्षांपासून रामटेकला राहते.’ मराठीत साधा वर्तमानकाळ, आपल्या बोलीत फार तर ‘राहून राहिली’. त्यावरून होते ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स ट्वेंटी इअर्स’. हे वाक्य मी मोठमोठ्या पदव्या घेतलेल्या माणसांच्या तोंडी ऐकले आहे. इंग्रजीला अशा वेळी मागचे आणि आजचे एका दोऱ्यात ओवून हवे असते. काम मागे सुरू झाले आणि अजून चालू आहे, म्हणून ‘आय हॅव बीन लिव्हिंग हिअर’. आणि मुदत सांगावयाची असली, वीस वर्षे, तीन दिवस, तर ‘फॉर’. आरंभ सांगावयाचा असला, सोमवारपासून, लग्नापासून, तर ‘सिन्स’. डॉक्टरांकडे याची फार गरज पडते. ‘ही हॅज बीन कफिंग फॉर थ्री डेज’, तीन दिवसांपासून खोकून राहिला. ‘पासून’ दिसले की ‘हॅव बीन’ किंवा ‘हॅज बीन’. एवढी गाठ पदराला मारून ठेवा.

‘हॅव’चे नाव निघाले आहे तर पूर्ण वर्तमानकाळाचे दोन शब्द. शेजारीण दारात उभी राहून विचारते, ‘जेवली का?’ हे मराठीत दिसावयास भूतकाळ, पण तिला इतिहास नको असतो. तुमचे पोट आत्ता भरलेले आहे की नाही ते तिला हवे असते. म्हणून ‘हॅव यू ईटन?’ मराठीतला माझा सर्वांत आवडता प्रयोग याच जातीचा आहे. ‘ती नागपूरला गेली आहे’ आणि ‘ती नागपूरला जाऊन आली आहे’. पहिलीत बाई अजून नागपुरातच आहे, दुसरीत परत येऊन अंगणात बसली आहे. ‘शी हॅज गॉन टु नागपूर’, ‘शी हॅज बीन टु नागपूर’. गॉन आणि बीन यांतला हा भेद समजाविण्यासाठी इंग्रजी व्याकरणकारांना दोन-दोन परिच्छेद खर्च करावे लागतात. आपण तो ‘जाऊन येणे’ या दोन शब्दांत रोज करतो. मात्र ‘काल’, ‘परवा’, ‘दिवाळीत’ असा वेळेचा शब्द जोडलात की ‘हॅव’ची सुट्टी, ‘आय वेंट यस्टरडे’.

आणि ‘आले, आले!’ हे तर नवलच. हात पिठात, कढई चुलीवर, दारात कोणी हाक मारतो आणि आपण ओरडतो, ‘आले, आले!’ अजून ओट्यापासून हललोही नाही आणि मराठीत येऊन पोचलो! इंग्रज इतका उतावळा नाही. तो म्हणतो, ‘आय ॲम कमिंग.’

शेवटी त्या ‘स’विषयी. शाळेत ज्याने आपल्याला सर्वांत जास्त छळले तो हा. मराठीत क्रियापद माणसागणिक रूप बदलते: मी करते, तू करतेस, तो करतो, ती करते, त्या करतात. बायकांचे वेगळे, पुरुषांचे वेगळे. इंग्रजीत हा सगळा पसारा गेला आहे. बाई म्हणो की पुरुष म्हणो, ‘आय वर्क’. उरला आहे एक ‘स’, आणि तो कोणाला लागतो? ‘मी’ला नाही, ‘तू’ला नाही. जी व्यक्ती समोर नाही, जिच्याविषयी आपण दोघी बोलत आहोत, आणि जी एकटी आहे, तिला. सासू म्हणा, नणंद म्हणा. ‘शी कुक्स वेल.’ दोघी नणंदा असल्या की ‘स’ गळतो, ‘दे कुक वेल’. आणि नाही म्हणावयाचे झाले तर तो ‘स’ ‘डझ’मध्ये जाऊन बसतो, मग ‘कुक’ला पुन्हा लावावयाचा नाही. एका घरात एकच ‘स’. ‘शी डझ नॉट कुक’ म्हणा, ‘डझ नॉट कुक्स’ म्हणू नका. हे सांगितल्यापासून वर्गात नणंदांविषयीची वाक्ये फार वाढली आहेत, आणि माझा इलाज चालत नाही.

काही भगिनींनी मला विचारले की बाई, तुम्ही ‘करून राहिली’चे इतके कौतुक करता, मग मुलांना शाळेतही तसेच लिहू द्यावे काय? माझे उत्तर साधे आहे. शाळेच्या वहीत शाळेची मराठी लिहावी. ती सगळ्या महाराष्ट्राची सामाईक वाट आहे आणि तिच्यावरून आपल्याही मुलांना जावयाचे आहे. मी हे भाषणसुद्धा त्याच मराठीत करते आहे. पण मूल घरात ‘आई, पाणी पिऊन राहिलो’ म्हणाले तर त्याला दटावू नका. त्याच क्षणी विचारा, ‘इंग्रजीत कसं म्हणशील?’ ते ‘आय ॲम ड्रिंकिंग वॉटर’ म्हणेल, आणि त्याच्याबरोबर तुमचेही वाक्य तयार होईल. ज्या आजी वही मेथीखाली लपवितात त्यांनी परवा नातवाला असेच विचारले. तो म्हणाला, ‘ड्रिंकिंग वॉटर.’ आजी म्हणाल्या, ‘अन्‌ ‘आय ॲम’ कोण म्हणेल?’ त्या दिवशी तो हसला नाही म्हणे.

नव्या भगिनींना वर्गात यावयाचे असेल तर येत्या बुधवारी तीन वाजता यावे. येताना त्या दिवशी घरात प्रत्यक्ष बोललेली दहा वाक्ये वहीत लिहून आणावी. भांडणातली चालतील. भाजीवाल्याशी बोललेली चालतील. एकच अट आहे, ती साफसूफ करून आणू नयेत. जशी तोंडातून निघाली तशीच लिहावीत. इंग्रजी आपण तिथे करू. चष्मा असेल तर जरूर आणावा, आमच्या खोलीत दुपारी उजेड कमी असतो.